मामाची वाट आणि माझी कादंबरी

हसणार नसाल तरच सांगतो. आणि हसलात तरी हरकत नाही, घरचे सगळे हसून झालेत.

साठ सालाच्या आगेमागे मी मुकुटबनच्या शाळेत नवाकोरा मास्तर होतो. पगार सुरू झाला होता, लग्न तेवढं राहिलं होतं. राजूरच्या खाणीत कामाला असलेल्या मामानं एक स्थळ काढलं. मुलीच्या वडिलांना घेऊन तो छकड्यानं मला बघायला येणार होता.

पाहुणे पहिल्यांदाच येत होते आणि गावाबाहेर रस्त्याला दोन फाटे फुटतात. म्हणून आईनं मला फाट्यावर उभं राहायला पाठवलं. माझ्या काखेतली कादंबरी तिनं पाहिलीच.

"दिवसा गोष्टी वाचू नको बापू. मामा वाट चुकते."

आपल्याकडच्या बाया असं म्हणतात, ठाऊक असेल तुम्हाला. पण मी पडलो शिकलेला माणूस! ही गोष्ट नाही, कादंबरी आहे, असं मी तिला ऐटीत समजावलं.

तिथंच फसलो की हो. चिंचेखाली बसून कादंबरी उघडली, तर धर्मशाळेत राजपुत्राला एक बैरागी भेटला आणि आपली गोष्ट सांगू लागला. त्याच्या गोष्टीत नावाडी निघाला, तो त्याची सांगू लागला. नावाड्याच्या गोष्टीत एक व्यापारी! राजपुत्र तिकडे ताटकळत बसलेला आणि मी तीन गोष्टी खोल उतरलेलो. काय वाचायचो हो तेव्हा! आता चार पानांत डुलकी येते. ते बुडून जाणं गेलं ते गेलंच.

तर तो व्यापारीही एका फाट्यावर आला आणि त्यानं एका म्हातारीला वाट विचारली. नेमकं तेव्हाच माझ्या कानावर आलं, "भाऊ, मुकुटबन कोनीकडे?"

मान वर न करता मी डावीकडे हात केला. म्हातारीनं व्यापाऱ्याला तेच सांगितलं होतं ना! बैलांच्या घुंगरांचा आवाज लांब गेला. मी पान उलटलं.

दिवस कलला तरी पाहुण्यांचा पत्ता नाही. घरी आलो तर पुरणपोळ्या गार झालेल्या आणि आई तापलेली. दिवसा वाचल्याचाच हा परिणाम, असं तिचं म्हणणं. मग मीही पेटलो. वर्गात द्यावं तसं भाषण ठोकलं. मामाच्या वाटेचा आणि माझ्या पुस्तकाचा संबंधच काय?

तेवढ्यात छकडा दारात उभा राहिला. रात्रपाळी करून आलेला मामा वाटभर मागे झोपला होता, तो डोळे चोळत उतरला. बैल हाकत आलेल्या मुलीच्या वडिलांनी आधी मला पाहिलं, मग कादंबरीला.

"संबंध हाय, बाई," ते आईला शांतपणे म्हणाले. "तीन कोस उलटे गेलतो. वाट यायनंच दाखवली."

स्थळ गेलं, असं मी धरून चाललो. पण मुलीनं म्हणे घरी एवढंच विचारलं, पुस्तक कोणतं होतं? आणि लग्न जमलं.

मामा गेला, सासरेही गेले. दोघांची फार आठवण येते. पाहुणे यायचे असले की बायको अजूनही मला फाट्यावर पाठवत नाही. परवा मी कुरकुरलो, की अगं, मामा चुकला तो एकदाच.

"तुमचे मामा एकच दिवस वाट चुकले," ती म्हणाली. "मी तं जन्माचीच चुकली."