गोमतीकाठचा समुद्र

रत्नागिरीहून निघताना माझ्या सामानात पाच लिटरचा एक कॅन होता, समुद्राच्या पाण्यानं भरलेला. मुंबईहून लखनौच्या गाडीत बसल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं, "गंगाजल आहे का?"

"नाही, हे उलट्या दिशेनं चाललंय," मी म्हटलं. त्यांनी पाय जरा आखडून घेतले.

मी कॉलेजात सागरी जीवशास्त्र शिकवते. माझा धाकटा भाऊ सुहास लखनौला बँकेत आहे. त्याची एकुलती एक मुलगी मिताली बारावीला होती आणि पुढे तिला माझ्याकडे राहून समुद्राचंच शिकायचं होतं. सुहासचं म्हणणं, लखनौच्या मुलीनं समुद्र शिकून करायचं काय? शेवटी तडजोड झाली. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मिताली समुद्रावर बोलेल, तो ऐकेल आणि मग ठरवेल. पाणी त्यासाठीच होतं.

स्टेशनवर धुकं होतं. सुहास स्कूटर घेऊन आला होता. कॅन मांडीवर घेऊन अलीगंजला त्याच्या घरी पोचेपर्यंत माझी बोटं गारठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मितालीनं मला चौकात नेलं. द्रोणात मक्खन मलाई (दुधाचा केशरी फेस) मिळाली. जिभेवर ठेवली की नाहीशी.

"आत्या, समंदर का झाग ऐसा ही होता है?"

"त्यापेक्षा मळकट. आणि गोड तर मुळीच नाही."

घरी परतलो तर शुभानं, माझ्या भावजयीनं, हसत दार उघडलं. गेल्या वर्षी तिथे काविळीची साथ होती, तेव्हापासून त्या घरात न उकळलेलं पाणी उंबरा ओलांडत नसे.

"ताई, शाळेत पोरं त्या पाण्यात हात घालणार, मग तोंडात. म्हणून सगळं खदखदून उकळलं आणि दोनदा गाळलं. एकदम साफ झालंय."

मी कपाळाला हात लावला. त्या पाण्यातलं प्लवक (पाण्याबरोबर वाहणारे सूक्ष्म जीव) मिताली जिवंत दाखवणार होती, त्याचं सार झालं होतं. शुभाचा चेहरा पडला. तिला रागवायचं तरी कसं?

मितालीनं ते साफ पाणी उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाली, "आत्या, गोमती में भी तो कुछ होगा?"

आम्ही स्कूटरवरून घाटावर गेलो आणि पायऱ्यांवरचं शेवाळ चमच्यानं खरवडून बाटलीत भरलं.

प्रदर्शनात सूक्ष्मदर्शकाखाली गोमतीचं पाणी ठेवलं, तर सोनेरी, होडीच्या आकाराच्या पेशी सावकाश सरकत होत्या. यांचेच भाईबंद समुद्रात असतात, आपल्याला लागणाऱ्या प्राणवायूचा मोठा वाटा तेच तयार करतात, असं मितालीनं सांगितलं. शेजारच्या बशीत शुभाचं उकळलेलं पाणी आटून मीठ उरलं होतं. एका मुलीनं विचारलं, "समंदर खारा क्यों है?"

"बारिश पत्थरों से नमक घोलती है, नदियाँ समंदर तक ले जाती हैं. पानी भाप बनकर लौट आता है, नमक वहीं रह जाता है. इसमें थोड़ा हमारी गोमती का भी है."

मला तिचा फार अभिमान वाटला.

सुहास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून इतका वेळ उभा राहिला, की मागची रांग कुरकुरायला लागली. मग तो गुपचूप बाहेर व्हरांड्यात गेला. मीही गेले.

"ताई, समुद्राचं नुसतं निमित्त होतं. ती गेली की घरात आम्ही दोघंच."

त्याच्या हट्टामागे हे असेल, असं मला वाटलंच नव्हतं.

"मग नको पाठवूस," मी म्हटलं.

"आज ती बोलत होती, तेव्हा तिला अडवावंसं वाटेना." त्यानं आत मितालीकडे पाहिलं. "परीक्षा झाली की मीच आणून सोडतो."

परतीच्या गाडीत मला वाटत राहिलं, लखनौपासून समुद्र लांब असतो तो फक्त नकाशात. गोमती गंगेला मिळते, गंगा सागराला. त्या वाटेनं नदी रोज जाते आणि तिला कुणी अडवत नाही. माणसांना मात्र कुणीतरी जा म्हणावं लागतं. म्हणणाऱ्याला ते किती जड जातं, हे मी सुहासच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं.

रत्नागिरीला पोचले, चहा घेतला आणि मितालीसाठी मागच्या खोलीतली अडगळ काढायला लागले.