मांजरीतला वेढा

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या त्या घरात आम्ही तिघं दर रविवारी दुपारी खेळायला बसायचो. मी, हडपसरच्या खोलीतली माझी रूममेट, आणि ज्याचं घर तो आमच्या ऑफिसातला मित्र. पट नाही, सोंगट्या नाहीत. मित्र गोष्ट सांगायचा, आम्ही त्यातली माणसं व्हायचो, आणि अवघड प्रसंगी पुढे काय होणार ते फासे ठरवायचे.

गोष्ट त्यानेच रचलेली. एका शहराला शत्रूचा वेढा पडलाय. तट कधीचा ढासळायला हवा होता, पण पडत नाही. का पडत नाही, हे गुपित आम्ही दोघी कितीतरी रविवार शोधत होतो.

मग सीमेवर खरंच पेटलं. मित्राचा थोरला भाऊ फौजेत, तिकडेच कुठेतरी. त्याचा फोन लागेना.

"या रविवारी राहू दे," मी म्हणाले.

"नको, या. घरात कुणी कुणाशी बोलत नाहीये. वेड लागेल मला."

गेलो. काकू, म्हणजे त्याची आई, टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत होत्या. शेजारी ताटात सकाळची भाकरी तशीच वाळलेली. आम्ही आतल्या खोलीत बसलो. मित्राने गोष्ट पुढे नेली, पण आवाज त्याचा वाटेना. त्यातच गुपित उघड झालं. तटावरचे पहारेकरी मागच्याच युद्धात मेले होते. राजाने मांत्रिकाकरवी त्यांना तिथे बांधून ठेवलं होतं, आणि ते मेलेत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं तर ते सुटतील, पण शहर पडेल.

"मी सांगते त्यांना," रूममेट म्हणाली. "बिचाऱ्यांनी किती उभं राहायचं?"

"नको गं पोरी."

दारात काकू होत्या. कधीपासून ऐकत होत्या कोण जाणे.

"उभी हायेत ना? मग राहू दे उभी. कशाला सांगती?"

"आई, खेळ आहे तो."

"ठावं हाय मला," म्हणाल्या आणि उंबऱ्यातच खाली बसल्या. मित्राने उशी ओढून तोंडावर दाबली. अंगणात वडील होते, त्यांना रडणं ऐकू जायला नको म्हणून.

काय करावं मला सुचेना. मी त्याचा फोन उचलून भावाचा नंबर लावला. नंबर संपर्कक्षेत्राबाहेर असल्याचं ती बाई नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली.

"परत लाव," काकू म्हणाल्या.

परत लावला. मी थकले की रूममेट लावायची, मग मित्र. लागणार नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं, पण थांबायची कुणाची छाती होईना. उन्हं उतरली तरी आम्ही लावतच होतो.

नंतर एका सकाळी हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मित्राने सांगितलं, फोन आला. परक्याच नंबरवरून. "आई, मी हाय," भाऊ म्हणाला. काकूंना आवाज पटेना. "माझाच ल्योक असशील तर आपल्या म्हशीचं नाव सांग," म्हणाल्या. त्याने सांगितलं.

भाऊ सुट्टीवर आला तेव्हा आम्ही भेटायला गेलो. त्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. काकू त्याच्या उजव्या बाजूला बसून होत्या, आणि आम्ही निघेपर्यंत तिथून उठल्या नाहीत.