ताटाच्या काठावरचं नाव

नोव्हेंबरात एक दिवस असा येतो की सात-आठ महिने अखंड घरघरणारे मस्कतचे एसी बंद होतात आणि घरांना पुन्हा ऐकू येऊ लागतं. बाल्कनीचं दार सरकवलं की बाहेरची कोमट धूळ, दूरच्या समुद्राचा खारट ओलावा आणि खालच्या मजल्यावरच्या लोबानाचा धूर हातात हात घालून आत शिरतात; भिंतीवरचं घड्याळ आवाज करतं हे आठवतं, आणि शेजारच्या घरात कुणीतरी चमचा खाली पाडला तर तो चमचा होता की काटा, हेही सांगता येतं. मी एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर, म्हणजे त्या घरघरीवरच माझं पोट. तरी ती थांबल्यावर उतरणारी शांतता मला फार आवडते. आवडायची, असं लिहायला हवं.

अशाच एका शुक्रवारी दुपारी, बौशरच्या आमच्या घरात जेवणं उरकल्यावर, माझी मुलगी सई टेबलावर कागद पसरून बसली होती. बारावीला समाजशास्त्र घेतलेली मुलगी घरात असणं म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही ते सुखी आहेत. आपण भात कालवायला घेतो, ती पहिला घास कुणी घेतला याची नोंद करते. यंदा तिच्या बाईंनी सामाजिक बदलावर प्रकल्प दिला होता आणि सईने विषय निवडला होता, लग्नानंतर बदललेली बायकांची नावं. इथल्या ओळखीच्या अकरा बायकांच्या मुलाखती झाल्या होत्या. रत्नागिरीच्या आमच्या शेजारीण रझियाभाभींनी तर, “आमच्यात नाव नाय बदलत गो, माणूसच बदलतो,” असं सांगून तिला वर शेवयांची खीर खाऊ घातली होती. रविवारी प्रकल्प द्यायचा होता, आणि शेवटची मुलाखत उरली होती ती घरातली, तिच्या आईची.

मला कुणी काही विचारलं नव्हतं. पण नावाचा विषय निघावा आणि मी गप्प बसावं, असं आजवर झालेलं नाही, कारण त्या विषयावरचा माझा किस्सा मस्कतच्या मराठी माणसांत नावाजलेला आहे. दिवाळी असो, कोजागरी असो, कुणीतरी म्हणतंच, “ते ताटाचं सांगा हो!” आणि मी मांडी सोडून उभा राहतो. तर लग्नाच्या दिवशी लक्ष्मीपूजनाला तांदळाचं ताट समोर, हातात सोन्याची अंगठी, आणि त्या अंगठीने नवरीचं नवं नाव तांदळात लिहायचं. डाव्या कानात थोरली आत्या ‘वैदेही’ म्हणतेय, उजव्या कानात धाकटी ‘शर्वरी’. दोघींचं भांडण इतकं पेटलेलं, की माझ्या डोक्यातली सगळी अक्षरं उडून गेली. (इथे मी डोळे पांढरे करतो.) भटजी म्हणाले, लिहा लिहा, मुहूर्त चाललाय. मी खाली पाहिलं. स्टीलच्या ताटाच्या काठावर कोरलेलं होतं, ‘सौ. प्रमिला यांजकडून सप्रेम’. मी निमूट लिहून टाकलं, प्रमिला! कोण ही प्रमिला, कुठल्या बारशाला तिने ते ताट दिलं, कुणाला आजतागायत पत्ता नाही. पण तेव्हापासून सुजाता नावाची मुलगी प्रमिला झाली. इथे मी साखर वाटल्यासारखा हात फिरवतो आणि हशा पिकतो.

त्या दुपारीही मी हात फिरवला. सई हसली नाही.

“बाबा, ॲक्टिंग नको ना. मी आईला विचारतेय.”

मग तिने तिच्या अडखळत्या मराठीत एकेक रकाना वाचायला घेतला. जन्माचं नाव. आताचं नाव. नाव कुणी ठरवलं. तुम्हाला विचारलं होतं का. आणि शेवटचा, “हे नाव कसं ठरलं, ते तुम्हाला कधी कळलं?”

माझी बायको सोफ्यावर मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “इथे आल्यावर.”

“म्हणजे?”

“लग्नानंतर तीन वर्षांनी आले ना मी मस्कतला. पहिल्या दिवाळीला यांनी स्टेजवरून सांगितलं. तेव्हाच. सगळ्यांबरोबर.”

सईचं पेन थांबलं. “मग तोपर्यंत तुला काय वाटायचं?”

“वाटायचं, यांनी विचार करून ठेवलं असेल.”

मेथीची एक काडी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. एसी चालू असता तर आला नसता. वर्षानुवर्षं मी सांगत आलो होतो त्या किस्स्यात दोन आत्या होत्या, भटजी होते, ताट होतं, अंगठी होती; शेजारी मान खाली घालून बसलेली, काठावरची अक्षरं जिथून दिसत नव्हती अशा बाजूला बसलेली एक मुलगी मात्र मी कधी त्यात घेतलीच नव्हती.

“आई, मग तुझं नाव काय लिहू मी?” सईने विचारलं.

बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं, मेथी बाजूला ठेवली, आणि दोघी कागद घेऊन आतल्या खोलीत गेल्या. दार लागलं. सई बाहेर आल्यावर मी शक्य तितक्या सहज विचारलं, “काय लिहिलंस गं?”

“सॉरी बाबा, कॉन्फिडेन्शियल. रिस्पॉन्डंटच्या परमिशनशिवाय सांगायचं नसतं. बाईंनी तसं सांगितलंय.”

“अगं, नवरा आहे मी तिचा!”

“हो ना. म्हणून तर.”

त्या क्षणापासून माझा पाय एका जागी ठरेना. दुसऱ्या दिवशी अल मवालेहच्या भाजीबाजारात गेलो आणि कुणी न सांगता लिंबांची आख्खी पेटी घेऊन आलो. रविवारी प्रकल्प शाळेत गेला, आणि ते नाव माझ्या घरातून निघून माझ्याआधी एका अनोळखी बाईंच्या टेबलावर जाऊन बसलं. सोमवारी कामासाठी रुस्ताकला जाताना, डोंगर जवळ येऊ लागले तसं, एकट्याने गाडीत ‘सुजाता’ म्हणून पाहिलं. आवाज इतका परका वाटला, की मी आरशात बघितलं.

मंगळवारी बायकोच्या गुडघ्यासाठी दवाखान्यात गेलो. तिचा पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून निघालेला, त्यामुळे इथल्या सगळ्या कागदांवर ती अजून सुजाताच आहे. नर्स त्या नावाने पुकारते आणि मी ‘ही कोण बाई?’ अशा चेहऱ्याने बसून राहतो, हा माझा दुसरा लाडका विनोद. या वेळी पुकारा झाला आणि तिच्याआधी मीच उठून उभा राहिलो.

“तुम्हाला बोलावलंय का?” ती म्हणाली आणि माझ्या हातात पर्स देऊन आत गेली. पण त्या नावाला ओ देताना तिची हनुवटी किंचित वर उचलली गेली, मागच्या बाकावरून कुणी ओळखीचं बोलावल्यावर शाळकरी मुलीची उचलली जाते तशी. ही हालचाल या देशातल्या प्रत्येक काउंटरवर होत आली असणार. मी तिच्या शेजारीच उभा असायचो, पुढचा विनोद जुळवत.

त्या संध्याकाळी ती बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होती. उन्हाचा शेवटचा पिवळा पट्टा कठड्यावर होता, समोरच्या डोंगराचा तपकिरी रंग जांभळा होत होता. मी दारात उभा राहिलो. हातवारे केले नाहीत, आवाज बदलला नाही, आणि मला कळलं, की या दोन्हींशिवाय मला बोलायची सवयच नाही.

“तुला कुठल्या नावाने हाक मारू?”

दातांत धरलेला चिमटा तिने काढला. माझ्याच शर्टाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

“विचार करून सांगते,” ती म्हणाली, आणि उरलेले चिमटे माझ्या ओंजळीत टाकून आत गेली.

त्याला आता नऊ दिवस झाले. काही हवं असलं की मी उठून तिच्याजवळ चालत जातो, कारण लांबून हाक मारायला माझ्याकडे काही नाही. एसी मार्चपर्यंत बंदच राहतील.