रशीदभाईंचे बेचाळीस

रशीदभाई गेल्याचं मला अकराव्या दिवशी कळलं, तेही कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडून. पिशवीत संत्री टाकता टाकता तो म्हणाला, "तुमच्यासंगं पळाचे थे रशीदभाई गेले ना, सर. छातीत दुखलं अन् गेले." मी "हो का" म्हणालो, पिशवी घेतली आणि घरी आलो. चहा ठेवला. कोणाला तरी सांगावं असं फार वाटलं, पण घरात सांगायला कोणी नव्हतं, आणि बाहेर ज्यांना सांगितलं असतं त्यांना माझ्या आधीच माहीत होतं. अमरावती एवढं मोठं गाव नाही. आपल्या माणसाची बातमी अकरा दिवस आपल्यापर्यंत येत नाही, याचा अर्थ त्या माणसावरचा आपला हक्क लोकांनी केव्हाच काढून घेतलेला असतो... आणि त्यात लोकांची काही चूक नव्हती.

माझा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला. बायको गेल्यावर मुलगी पुण्याला बोलवत होती, मी हट्टाने गेलो नाही. मग साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि मी पहाटे मोर्शी रोडने चालू लागलो. तिथे रोज एक किडकिडीत, पांढऱ्या दाढीचा माणूस कॅनव्हासचे बूट घालून मला मागे टाकून पळत जायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी तो जाता जाता म्हणाला, "सर, तुमी त वरातीत चालल्यावानी चालून राहिले." मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी त्या रागातच विजेच्या दोन खांबांएवढं अंतर पळालो आणि पुलावर बसून धापा टाकल्या. रशीदभाई शेजारी येऊन बसले. त्यानंतर सव्वा वर्ष आमचा एकही दिवस चुकला नाही.

ते संत्री मोजायचे. हा त्यांचा धंदा. दोन्ही हातांत तीन-तीन फळं उचलून, मोठ्याने आकडा म्हणत, दिवसभर. ती वर्षं आमच्या भागात वाईट होती. बोअर आटत होते, मोर्शीकडच्या बागाच्या बागा उभ्या वाळत होत्या, आणि ज्या जगल्या त्यांच्या एकेका झाडावरून बागवाला आणि व्यापारी यांची भांडणं लागायची. अशा वेळी दोन्हीकडचे लोक रशीदभाईंना बोलवायचे. त्यांनी मोजलं म्हणजे मोजलं, पुढे वाद नाही. मला त्यांच्या या इभ्रतीचा थोडा हेवाच वाटायचा. माझ्या वर्गातली पोरं माझ्या उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी गाईड उघडून बघायची.

अकोल्याला पूर्ण बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन ठेवली आहे, ही बातमीही त्यांनीच आणली. म्हणाले, दोघं पळू, मेलो तर दोघं मरू. आम्ही हात मिळवले. मग त्यांनी सायकलच्या मागच्या चाकाला चिंधी बांधली आणि चाकाच्या फेऱ्या मोजत मोर्शी रोड मापला. दर किलोमीटरला पुलाच्या कठड्यावर नाहीतर खांबावर गेरूची खूण. माहुलीच्या आसपास एकविसावी. तिथून वळायचं आणि परत यायचं. मी दुसऱ्या सायकलवर सोबत होतो. शंभर फेऱ्या झाल्या की ते किंचित थांबल्यासारखं करून पुढचा शेकडा सुरू करायचे. मला वाटलं, दम घेतात.

रोज्याच्या महिन्यात आम्ही संध्याकाळी, सूर्य बुडायच्या तासभर आधी पळायचो. त्यांच्यासमोर मला पाणी पिववत नसे, तर ते माझ्यावरच चिडायचे. म्हणायचे, रोजा माझा हाय, तुमी काहून सुकून राहिले? बायको गेल्यापासून माझ्या खाण्यापिण्याची काळजी करणारं तेवढं एकच माणूस होतं. हे मी त्यांना कधी म्हटलं नाही. आमच्या घरात असलं काही बोलायची पद्धत नव्हती.

मॅरेथॉन रविवारी. गुरुवारी मोर्शीकडे गारपीट झाली. शुक्रवारी संध्याकाळी रशीदभाई घरी आले, बसले नाहीत. ठरलेला सौदा मोडायचा म्हणून व्यापारी अर्धी बाग पडली म्हणत होता, बागवाले पाव म्हणत होते, आणि मार लागलेली उरलेली फळंही गळून जायच्या आत, रविवारीच मोजणी व्हायला हवी होती. "मी येऊ नाही शकत, सर. तुमी माह्यासाठीबी पळून घ्या." आज लिहिताना त्यात मला वावगं काहीच दिसत नाही. त्या वेळी मात्र मी फक्त "बरं" म्हणालो आणि दार लावून घेतलं.

अकोल्यात मी एकटा पळालो. दहा किलोमीटरच्या आतच लक्षात आलं की पाट्या लवकर येताहेत. पाय ज्या खुणेची वाट बघायचे, तिच्या आधीच आकडा समोर उभा राहायचा. बेचाळीस संपले तेव्हा माझ्यात आणखी दोन किलोमीटर शिल्लक होते. तिथे हिरवळीवर बसल्यावर उलगडा झाला. संत्र्याच्या मोजणीत दर शेकड्यावर पाच फळं 'वर' टाकायची रीत आहे, सडक्या-दबक्यांच्या नावाने. ती पाच तोंडाने म्हणायची नसतात. तीस वर्षांच्या सवयीने रशीदभाईंनी चाकाच्याही दर शंभर फेऱ्यांवर पाच फेऱ्या न मोजता सोडल्या होत्या. त्यांचे बेचाळीस म्हणजे जगाचे चव्वेचाळीस. मी शेजारून सायकल चालवत होतो आणि गणिताचा मास्तर असून मला पत्ता लागला नव्हता.

खरं तर यावर दोघांनी पोट धरून हसायला हवं होतं. आणि त्यांच्या त्या चुकीनेच तर मी धडधाकट पोचलो होतो. पण आजूबाजूला ज्याला त्याला न्यायला कोणी ना कोणी आलं होतं. बायका डबे उघडत होत्या, लेकी बापांचे पाय चेपत होत्या. माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं. मी फोन लावला आणि वर्गात झापतो त्या आवाजात म्हणालो, "रशीदभाई, तुमची मोजणी खोटी निघाली." पलीकडे बागेत माणसं बोलत होती, ती गप्प झाली. त्यांचा फोन जुना होता, कानाला लावला तरी चार हातांवर ऐकू जायचा. हे मला माहीत होतं. रशीदभाई एवढंच म्हणाले, "बरं सर." महिन्याभराने बाजारात एका हमालाने सांगितलं की व्यापाऱ्याने तेच वाक्य पकडून सबंध बाग पुन्हा मोजायला लावली. दिवस बुडेपर्यंत रशीदभाई झाडाझाडाखाली हात वर करून मोजत होते. आकडा तोच आला.

माझी लाज एवढी होती की मी पहाटेची वाट बदलली. विद्यापीठाच्या बाजूने चालू लागलो. बाजारात दिसले तर ते सलाम करायचे, मी नमस्कार करायचो, आणि दोघंही घाईत असायचो. अशी पाच वर्षं गेली. माफी मागायला एक संध्याकाळ पुरली असती... मी पाच वर्षांत ती काढली नाही.

त्यांचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने, भाभींनी, मला लगेच ओळखलं. खोलीत रशीदभाईंची खाट होती, खाटेवर घडी घातलेली चादर. मी पाठ करून आणलेली माफी बोलू लागलो, तर त्या मध्येच म्हणाल्या, "थे पळाले ना, सर. तुमी अकोल्याहून आले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. पह्यले रस्ता नव्यानं मापला, शंभराचे शंभरच धरून. मंग एका रविवारी पहाटेच फजरची नमाज पढून एकटेच गेले, पुरे बेचाळीस. आले त पाय टेकवत नव्हते." मी विचारलं, मला का कळवलं नाही? त्या म्हणाल्या, "म्यां म्हटलं होतं फोन करा. त म्हने, सर इचारतीन तवा सांगीन."

मग मी विचारलं. पाच वर्षं उशिरा, त्या रिकाम्या खाटेकडे बघत विचारलं, "किती वेळ लागला त्यांना?"

भाभींनी पदर सावरला. "मले काय मालूम, सर. घड्याळ लावून गेले होते, पन मले नाही सांगितलं. थे तुमालेच सांगनार होते."