सुईवाल्या ताईंची माघार

सुईवाल्या ताईंना राग यायला कारण लागत नाही, असं दवाखान्यातले लोक म्हणत. साफ खोटं. कारण दर वेळी असायचं, फक्त ज्यांनी ते दिलेलं असे त्यांना ते दिसत नसे.

आयुष्यभर त्यांनी लहान मुलांना लस टोचली. लशीचा फ्रिज आता त्यांच्यासारखाच थकला होता, आणि उन्हाळे मात्र वर्षागणिक तापट होत चालले होते. गेल्या उन्हाळ्यात फ्रिजने मान टाकली, सगळी लस फेकावी लागली. दारात पोरं घेऊन उभ्या असलेल्या आयांना ताईंनी परत पाठवलं. महिन्याभरात खालच्या आळीत गोवर आला आणि एक मुलगी गेली. ताई त्या घरावरून आजही जात नाहीत, लांबच्या रस्त्याने जातात.

त्यांचा धाकटा भाऊ नदीकाठच्या पंपावर होता. पन्नाशी उलटली तरी ताईंसाठी तो बाळ्याच. पूर्वी कधीतरी येणारं पाणी आता दरवर्षी खालच्या आळीत शिरायचं, आणि दोन गंजके पंप घेऊन बाळ्या छातीभर पाण्यात उभा राहून ते उपसायचा.

नगरपालिकेकडे पैसे होते एकाच कामाचे. मोठ्या साहेबांनी सभा ठेवली. हवामानबदल की आरोग्य, काय आधी, ते लोकांनीच ठरवावं. पंपाच्या बाजूने बाळ्याने बोलायचं, फ्रिजच्या बाजूने ताईंनी. बहीण-भावाला आमनेसामने उभं करण्याची ही अक्कल कुठून आली, देव जाणे.

जेवताना दोघांची जुंपली.

"तुझी लस बुडालेल्या पोरांना टोचणार का, ताई?"

"आणि तुझा पंप गोवर उपसणार का?"

त्यानंतर आठवडाभर दोघांत अबोला होता.

सभागृहात एसीचा इतका गारठा होता की ताई शाल पांघरून बसल्या. साहेब दुनियेभरच्या खर्चाबद्दल बोलले, सगळ्यांना सगळं देता येत नाही म्हणाले. मग बाळ्या उठला. त्याने बहिणीकडे पाहिलं. म्हणाला, पंप मी आणखी एक वर्ष कसाबसा रेटतो, आधी फ्रिज घ्या, ती मुलगी गेल्यापासून ताई नीट जेवलेली नाही.

ताई उठल्या. पाठ केलेलं भाषण त्यांनी तिथेच सोडलं. फ्रिज आम्ही बर्फ घालून चालवू, म्हणाल्या, पण पंप घ्या, नाहीतर एक दिवस माझा भाऊ त्या पाण्यातून वर यायचा नाही.

टाळ्या पडल्या. साहेबांनी रुमालाने डोळे टिपले, आणि त्याच रुमालाने दोघांच्या तोंडाला पानं पुसली. कारण पालिकेचा नियम असा, की ज्याने स्वतःच माघार घेतली त्याची मागणी रद्द. इथे तर दोघांनीही घेतली होती. पैसे वाढत्या उष्म्याचा विचार करून सभागृहाच्या नव्या वातानुकूलनाला देण्यात आले. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. दोघांच्या मायेतही तो हात मारून घेतो, हे ताईंना त्या दिवशी कळलं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या लसीकरणाच्या दिवशी ताईंनी लशीच्या बर्फपेट्या उचलल्या आणि थेट सभागृहात मांडल्या. मागून खालच्या आळीतल्या आया आल्या. आत साहेबांची बैठक चालू होती, विषय होता हवामानबदल. गालिच्यावर पोरांनी भोकाड पसरलं, एकाने तिथेच शू केली. दाराशी बाळ्या उभा होता, पंपावरच्या चिखलाच्या बुटांसकट, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता की पाणी चढलं की सामानसुमान घेऊन इथेच यायचं, जागा भरपूर आहे.

साहेब उठून आले. ही जागा या कामाची नाही, असं त्यांनी शक्य तितक्या मऊ आवाजात सांगितलं.

ताईंनी हातातल्या बाळाचा दंड पुसला, सुई टोचली, बाळ आईकडे दिलं आणि मग मान वर केली.

"माघार मी माझ्या भावासाठी घेतली होती, साहेब. तुमच्या गारव्यासाठी नाही. ती मी परत घेतेय."

साहेब काहीतरी बोलणार होते. ताईंनी पुढच्या बाईला हाक मारली.