नुरुंजीचा आवाज

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी कुणाचं दार वाजवत नाही. वरच्या मजल्यावर पोरं नाचली, शेजारणीनं पहाटे मिक्सर लावला, की माणूस आपल्या भिंतीवरचा इंटरकॉम उचलतो आणि खाली माझ्या केबिनला सांगतो. मग मी ज्याचा आवाज आहे त्याच्या घरी इंटरकॉम वाजवतो आणि गोड शब्दांत ऐकवतो. तोंडावर भांडण होत नाही, दोघांचीही अब्रू राहते. बोलणी खायला मधे मी आहेच. मी ग्वाक दोक-सू, कोरियातल्या बुसान शहरात टेकडीवरच्या या जुन्या बिल्डिंगचा वॉचमन, नऊ वर्षं झाली. ही पद्धत चांगली आहे असंच मी धरून चाललो होतो. चारशे दोनच्या ताईंनी कुत्री आणली आणि माझी पंचाईत झाली.

ताईंचं नाव प्यो माल-सुन. वय एकाहत्तर, उंचीनं माझ्या खांद्याला लागतील. एकतीस वर्षं त्यांनी खालच्या बाजारातल्या सार्वजनिक न्हाणीघरात बायकांची अंगं घासून दिली. दिवसाला पंधरा-वीस पाठी. हात असे झालेत की लसूण सोलताना सुरी लागत नाही. तिथल्या मालकानं गल्ल्यावर एक बटण बसवलं होतं. गिऱ्हाइकानं कुरकुर केली, फार जोरात घासलं म्हणाली, नाहीतर हळू घासलं म्हणाली, की तो बटण दाबायचा आणि आत घंटी वाजायची. ओल्या अंगानं ताईंनी बाहेर यायचं, कंबरेत वाकून माफी मागायची, पुन्हा आत जायचं. चूक कुणाची, हे एकतीस वर्षांत कुणी विचारलं नाही. गेल्या वसंतात न्हाणीघर बंद पडलं. मालक गावी गेला आणि मागच्या अंगणात बांधलेली कुत्री तशीच सोडून गेला. ताईंनी तिला घरी आणलं. रंग भाताच्या खरवडीसारखा, म्हणून नाव नुरुंजी, म्हणजे खरवडच.

नुरुंजी जिन्यावर नवा पाय वाजला की भुंकायची. दोनदा, फार तर तीनदा. पण बरोबर खाली तीनशे दोनमध्ये एक नर्सबाई राहतात, जिन हे-रान. रात्रपाळी करून सकाळी येतात, दिवसा झोपतात. त्यांचा फोन आला, की मी ताईंकडे इंटरकॉम वाजवायचो. ताई "चुकलं माझं, चुकलं माझं" म्हणत राहायच्या आणि मागे कुत्री घसा फुटेस्तोवर भुंकत असायची. ते ऐकून मला वाटायचं, घ्या, पुरावाच मिळाला. नर्सबाई पुन्हा फोन करायच्या. मी पुन्हा वर वाजवायचो. असे सात महिने गेले.

ताईंनी काय नाही केलं? दाराच्या फटीत गोधड्या कोंबल्या. नुरुंजीच्या तोंडाला जुना मोजा बांधला, तो तिनं कुरतडला. घरात टीव्ही बंद, खिडक्या बंद. ताई चोरासारख्या वावरायला लागल्या, चपला हातात घेऊन जिना उतरायच्या. घरमालकानं एकदा सांगितलं होतं म्हणे, तक्रार वाढली तर घर सोडा. त्या वयात, कुत्री घेऊन, दुसरं घर कोण देणार?

नोव्हेंबरातला सोमवार होता. हिवाळ्याच्या लोणच्यासाठी, किमचीसाठी, कोबीचे गड्डे प्रत्येक दाराशी येऊन पडले होते. ताई केबिनच्या खिडकीशी आल्या.

"वॉचमनसाहेब, सफरचंदाचा एखादा मोठा खोका मिळेल का? झाकणासकट."

"कशाला हवाय ताई?"

"शुक्रवारी दहा वाजता डॉक्टरांकडे न्यायचंय तिला. घशातली आवाजाची शीर कापतात. दुखत नाही म्हणाले फारसं." त्यांनी खिडकीची कड घट्ट धरली होती. "तिला कळेल का हो, मी सांगितलं म्हणून कापलं?"

मी काय म्हणालो असेन? "बरं होईल ताई, एकदाची कटकट मिटेल." हेच म्हणालो. ते वाक्य आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

दुपारी खोका घेऊन मी वर गेलो. ताईंनी दार उघडलं. नुरुंजीनं एकदा हुं केलं, माझे बूट हुंगले आणि पसरली. मला नवल वाटलं. ताई फरशीवर लसूण सोलत होत्या, मी उंबऱ्यावर टेकलो. तेवढ्यात भिंतीवरचा इंटरकॉम वाजला.

ताईंच्या हातातलं ताट पडलं. पाकळ्या घरभर गेल्या. चेहरा पांढराफटक, आणि त्या उठल्या त्या कंबरेत वाकूनच. बोलणारा दिसत नसताना त्या भिंतीपुढे वाकत होत्या. नुरुंजी इंटरकॉमकडे बघतच नव्हती. ती ताईंचे थरथरणारे हात बघत होती. मग ती उठली, ताईंच्या आणि भिंतीच्या मधे उभी राहिली आणि भुंकायला लागली.

फोन बिल्डिंगच्या ऑफिसचा होता. टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा, एवढंच. पण भुंकणं अर्धा तास थांबलं नाही, कारण ताईंची थरथर थांबली नाही.

सात महिने मीच बटण दाबत होतो. नर्सबाईंची झोप दोन भुंकण्यांनी मोडायची, आणि ती पुन्हा लागू न देणारा मी होतो. आणि आता त्यापायी एका मुक्या जिवाचा होता नव्हता तो आवाज जाणार होता. हातात चार दिवस होते.

मंगळवारी सकाळी नर्सबाई पाळीवरून आल्या. मी नियम मोडला, टपालपेट्यांपाशी त्यांना समोरासमोर गाठलं.

"नर्सबाई, शुक्रवारपर्यंत मला फोन करू नका. केलात तरी मी वर वाजवणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल. "काका, सात महिन्यांत मी सलग चार तास झोपलेले नाही. परवा एका पेशंटला दुसऱ्याचंच इंजेक्शन देता देता राहिले. हात पुढे गेला होता माझा. मला आता ड्यूटीवर जायची भीती वाटते."

मी टपालपेटीचं झाकण उगाचच लावून घेतलं.

"शुक्रवारी काय आहे?" त्यांनी विचारलं.

"तिची आवाजाची शीर कापणार आहेत."

"मग तोवर कळ काढते," त्या म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

मग सुरू झाली आमची शाळा. मी ताईंना सांगितलं, दिवसातून दहा वेळा मी इंटरकॉम वाजवेन. वाजला की उठायचं नाही. हात मांडीखाली घालून बसायचं, पाचपर्यंत मोजायचं आणि नुरुंजीला वाळवलेल्या रताळ्याचा तुकडा द्यायचा.

"आणि उचलणार कोण?"

"कुणीच नाही. मीच असणार पलीकडे, मला काय उचलून घेताय?"

"पण खरंच कुणी तक्रार केली असेल तर?"

"तर ती माझ्या खिशात राहील. शुक्रवारपर्यंत एकही वर येणार नाही."

ऑफिसला हे कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. आम्हा वॉचमनांना तीन-तीन महिन्यांच्या करारावर ठेवतात. हाकलायलाही लागत नाही, नुसता करार वाढवायचा नाही. प्रत्येक वेळी बटण दाबताना मी ऑफिसच्या दिशेनं बघायचो.

मंगळवार पूर्ण वाया गेला. मी वाजवायचो आणि जिन्यातून भुंकणं ऐकू यायचं. ताई खाली येऊन अपराध्यासारख्या उभ्या राहायच्या.

"उठलात ना?"

"उठले. पाय आपोआप उठतात हो."

"कुत्री माझं ऐकायला लागेल ताई, तुम्हीच ऐकत नाही."

"मला पण रताळं द्या मग," त्या म्हणाल्या. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून थट्टा निघाली. मी खरंच सांगितलं, एक तुकडा तिला, एक तुम्हाला.

बुधवारी दोनदा जमलं, आठदा नाही. गुरुवारी सकाळी मी वाजवलं आणि कान टवकारले. जिना गप्प. तासाभरानं पुन्हा, तरी गप्प. दुपारी एक कुरिअरवाला चढला तेव्हा नुरुंजी दोनदा भुंकली. मी केबिनच्या फोनकडे बघत बसलो. त्यावर तीनशे दोनचा दिवा लागला नाही, नर्सबाई गाढ झोपल्या असाव्यात. दिवसभरात तिचा तेवढाच आवाज.

मला वाटलं, जिंकलो. शुक्रवारी साडेनऊला वर गेलो तर ताई कोट घालून फरशीवर बसलेल्या, खोक्यात चादर अंथरलेली आणि नुरुंजी आत.

"ताई, हे काय? काल गप्प होती ना?"

"काल होती. उद्याचं काय? तुमचा करार संपला, नवा माणूस आला, त्यानं पुन्हा वाजवलं तर? नर्सबाईंनी घरमालकाला सांगितलं तर?" त्यांनी खोक्यातली चादर सारखी केली. "एकदाचं करून टाकते. मला रोज ही धास्ती झेपत नाही, वॉचमनसाहेब. मी फार भित्री आहे. तिनं माझ्यापायी भोगायचं, दुसरं काय."

मला राग आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

इंटरकॉम नव्हे, दाराची बेल. या बिल्डिंगमध्ये नऊ वर्षांत शेजाऱ्यानं शेजाऱ्याची बेल वाजवलेली मी ऐकली नव्हती. घरमालकच आला असं ताईंनी धरलं, मीही तेच धरलं. ही बेल आमच्या शाळेत शिकवलीच नव्हती. नुरुंजीनं खोक्यातून मान वर काढली आणि ताईंकडे पाहिलं. ताईंनी डोळे मिटले, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि मोठ्यानं मोजायला लागल्या. एक. दोन. तीन. मी जाऊन दार उघडलं.

नर्सबाई होत्या. अंगावर अजून ड्यूटीचा गणवेश, पायात हॉस्पिटलचे बूट. त्या ताईंकडे बघेनात, खोक्याकडे बघत होत्या.

"काल दिवसभर मला आवाज ऐकू आला नाही," त्या म्हणाल्या. "मी सात तास झोपले. उठले आणि वाटलं, आधीच कापलं. रात्रभर ड्यूटीवर तेच डोक्यात होतं. कापलं का?"

मी उत्तर देणार होतो, पण थांबलो. इतकी वर्षं मधे बोलून मी काय मिळवलं होतं?

"दहा वाजता आहे," शेवटी ताई म्हणाल्या. अगदी हळू, माफी मागितल्यासारखं.

"नका नेऊ."

"पुन्हा भुंकेल ती."

"भुंकेल. मग मी अशीच वर येईन. वॉचमनकाकांना फोन नाही करणार."

"रागवायला याल?"

नर्सबाईंनी खरं तेच सांगितलं. "झोपेतून उठून आले तर रागवेनच थोडी. तुम्ही पण बोला मला. पण वाकू नका माझ्यापुढे, तेवढं करा."

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. एकतीस वर्षांत घंटी वाजवणारे पुष्कळ भेटले होते. आपण रागावणार आहोत असं तोंडावर सांगून, वर उलट बोलायला लावणारी ही पहिलीच. त्यांनी मांडीखालून हात काढले. ते अजून थरथरत होते. नुरुंजीनं ते पाहिलं आणि ती भुंकली, दोनदा, आमच्या सगळ्यांच्या देखत. ताईंनी तिचं तोंड दाबायला हात उचलला.

"असू दे," नर्सबाई म्हणाल्या आणि बूट काढून आत आल्या.