सगळ्यांचा नंबर बेचाळीस

बेसबॉलच्या इतिहासात दररोज काहीतरी घडलेलं असतं. कुठल्याही तारखेवर बोट ठेवा, त्या दिवशी कुणीतरी चेंडू मैदानाबाहेर मारलेला असतो, कुणीतरी जन्मलेला असतो, कुणीतरी निवृत्त झालेला असतो. हे मला माहीत आहे, कारण जर्मनीतल्या बोब्लिंगेनजवळच्या एका छोट्या क्लबसाठी ‘आजच्या दिवशी’ हा मजकूर मी लिहिते. घरच्या मैदानावर सामना सुरू व्हायच्या आधी आमचे निवेदक तो माइकवर वाचतात. ऐकत कुणी नसतं. लोक सॉसेजच्या रांगेत उभे असतात.

हे सगळं गळ्यात पडलं ते ऑफिसातल्या एका दादामुळे. दादा पुण्याचा, माझ्याच टीममधला, इथे क्रिकेट मिळत नाही म्हणून बेसबॉलवर भागवणारा. क्लबला स्कोअरर हवा होता. “तुला क्रिकेटचं स्कोअरिंग येतं ना, मग झालं,” तो म्हणाला. तेवढ्यावर झालं नाही. बेसबॉलमध्ये नुसत्या धावा लिहून भागत नाही. फलंदाज बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, पोचला तो स्वतःच्या फटक्यामुळे की समोरच्याच्या चुकीमुळे, हे स्कोअररने ठरवायचं असतं. फटक्यामुळे असेल तर त्याच्या नावावर हिट लागतो, समोरच्याच्या चुकीमुळे असेल तर लागत नाही. हा भाग मात्र मला मनापासून आवडला. चूक कुणाची हे अधिकृतपणे लिहायला आयुष्यात फार कमी ठिकाणी मिळतं.

निवेदक सत्तरी ओलांडलेले, इथलेच. लहानपणी अमेरिकन छावणीच्या कुंपणाला नाक लावून सैनिकांचा खेळ बघत ते हा खेळ शिकले. क्लबमध्ये सगळे एकमेकांना अरेतुरे करतात. मी त्यांना अहोजाहो करते, कारण आमचं भांडण इतक्या वेळा होतं की ते बरं पडतं.

त्या वर्षी हंगामाआधीचा मैत्रीचा सामना पंधरा एप्रिलला, शनिवारी आला. बेसबॉलच्या कॅलेंडरमध्ये या तारखेच्या तोडीची दुसरी तारीख मला माहीत नाही. सत्तेचाळीस साली याच दिवशी, कित्येक दशकांच्या बंदीनंतर, एक काळा खेळाडू अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये मैदानात उतरला. त्याच्या पाठीवर बेचाळीस नंबर होता. पुढे तो नंबर सगळ्या संघांसाठी बंद केला गेला. आता वर्षातून या एका दिवशी तिथला प्रत्येक खेळाडू बेचाळीस नंबर घालून खेळतो.

मी पानभर लिहिलं. त्यात एक परिच्छेद बंदीबद्दल होता: ही बंदी कुठल्याही नियमात लिहिलेली नव्हती. कुणी सही केली नव्हती, कुठे पाटी नव्हती. संघांच्या मालकांना ती माहीत होती आणि तेवढं पुरेसं होतं. हा परिच्छेद मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटत होता. बाकीचं पान गेलं तरी चालेल, हा राहिला पाहिजे, असं मी ठरवलं होतं.

निवेदकांनी मंगळवारच्या सरावाला पान हातात घेतलं. चष्मा वर केला, खाली केला.

“हे काय आहे?”

“आजच्या दिवशी.”

“हे भाषण आहे,” म्हणून त्यांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्यासमोर कापायला सुरुवात केली. उरलं ते असं: आजच्या दिवशी पहिला काळा खेळाडू मोठ्या लीगमध्ये खेळला. तीन प्रयत्न, हिट शून्य.

“हिट शून्य?” मी म्हणाले.

“खोटं आहे का?”

“खोटं नाही, पण...”

“आल्झो.” म्हणजे विषय संपला.

“तो चुकीवर बेसवर पोचला आणि त्यानेच आघाडीची धाव काढली, ते तरी ठेवा. आणि बंदीचं.”

“बंदीचं राजकारण आहे. आपला क्लब राजकारणापासून अलिप्त आहे. घटनेत लिहिलंय.”

घटनेत काय लिहिलंय हे मला सांगणारा माणूस मी खरं तर तिथेच सोडायला नको होता. आमच्या नांदेडच्या घरात पाळण्यानंतर लगेच पत्रकं आली. पप्पा आणि त्यांचे मित्र ती लिहायचे, छापखान्यातून ओल्या शाईचे गठ्ठे घरी यायचे आणि आम्ही भावंडं जमिनीवर बसून घड्या घालायचो. मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलेले शब्द ‘जाहीर निषेध’ होते. त्या घरातली मी, आणि माझ्या पानातून उरलं काय, तर हिट शून्य.

दादा बूट घालत ऐकत होता. “अगं, तुझी काल एक सभा, उद्या एक सभा. निदान मैदानावर तरी जयंती नको,” तो म्हणाला.

“जयंती चौदाला असते, दादा. हा सामना पंधराला आहे.”

“तेच म्हणतो. एक दिवस तरी मध्ये सुट्टी ठेव.”

मग मला एक कल्पना सुचली. मजकूर वाचू नका, पण शर्ट तरी? आपणही सगळे बेचाळीस घालू. निवेदक म्हणाले, नियमानुसार एका संघात दोघांना एक नंबर चालत नाही. मी म्हणाले, मैत्रीच्या सामन्यात चालतो. त्यांनी दोन्ही प्रशिक्षकांना फोन केले. नकार मिळेल अशी त्यांची खात्री होती. दोघेही हो म्हणाले.

“आणि स्कोअर कोण लिहिणार?” त्यांनी विचारलं.

“मीच.”

“गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर, ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला ते थोडे खूश दिसले.

शुक्रवारी, जयंतीच्या दिवशी, पप्पांचा फोन आला. मागे ढोल आणि लाउडस्पीकर. मी गाऱ्हाणं सांगितलं, मला वाटलं आता ते पेटतील.

“केवढं लिहिलंस?” त्यांनी विचारलं.

“एक पान.”

“कुणासाठी?”

“सॉसेजच्या रांगेतल्या लोकांसाठी.”

“मग लांब आहे.”

“पप्पा, तुम्हीसुद्धा?”

“अगं, चौकात माणूस रिक्षा येईपर्यंत उभा असतो. तेवढ्यात वाचून झालं पाहिजे. नाहीतर त्यात भजी बांधतो.” आणि ते मिरवणुकीत निघून गेले.

शनिवारी ऊन होतं. खेळाडूंनी पाठीवर पांढऱ्या कापडी पट्टीने बेचाळीस चिकटवले होते. दादाचा चार उलटा लागला होता. निवेदकांनी त्यांचं वाक्य वाचलं, हिट शून्यसकट, आणि माइक बंद केला. सॉसेजच्या रांगेतलं एकही डोकं वळलं नाही. माझं पान माझ्या मांडीवर होतं, मी त्यावर कोपर ठेवून बसले.

सामना सुरू झाला. पहिला फलंदाज आला.

“नंबर बेचाळीस,” निवेदक म्हणाले. दुसरा आला. “नंबर बेचाळीस.” तिसऱ्याला लोक हसायला लागले. हेल्मेटखाली चेहरे दिसत नव्हते. मी वर्षभर या माणसांना सात, एकोणीस, तेहेतीस असंच ओळखत आले होते.

“हा कोण?” मी विचारलं.

“मला काय विचारतेस? तुझी व्यवस्था आहे.”

मी मैदानाच्या कडेला धावत जाऊन नावं विचारून येत होते. तेवढ्यात टेबलाशी एक बाई आल्या, हातात बिअर. सगळ्यांना एकच नंबर का, त्यांनी विचारलं. निवेदकांनी सांगितलं. मग दोघे आले, त्यांनीही तेच विचारलं. मग सॉसेज भाजणारा स्वतः आला. पहिला म्हणजे काय, त्याच्या आधी कुणी खेळत नव्हतं का? निवेदकांचं सॉसेज ताटलीत गार होत चाललं होतं.

“दे ते पान इकडे,” ते वैतागून म्हणाले. “एकदाच सांगून टाकतो. प्रत्येकाला वेगळं सांगत बसू का?”

डाव बदलताना त्यांनी एक परिच्छेद वाचला. शेवटचा. पुढच्या वेळी मधला. क्रम सगळा उलटापालटा, आणि माझ्या विशेषणांवरून ते रिक्षाने जावं तसे भरधाव जात होते. ‘धगधगता’ तर त्यांनी गाळलाच. मी दात आवळून बसले. बंदीचा परिच्छेद त्यांनी दोनदा चुकवला, दोन्ही वेळा त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलेलं मी बघितलं.

शेवटच्या डावाआधी मी म्हणाले, “तेवढंच उरलंय.”

त्यांनी माइक सुरू केला. “ही बंदी कुठल्याही नियमात लिहिलेली नव्हती,” त्यांनी वाचलं. “कुठे पाटी नव्हती.” मग पान खाली ठेवलं. “माझ्या वडिलांची बिअरची खानावळ होती, छावणीच्या रस्त्यावर. मी ज्यांच्याकडून हा खेळ शिकलो, त्यातल्या काळ्या सैनिकांनी कुठे बसायचं आणि कुठे नाही, हे त्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडेही पाटी नव्हती.”

खेळ तोवर सुरू झाला होता. ते बोलतच होते, मी त्यांच्याकडे बघत होते. मैदानावर ठण्ण आवाज झाला, लोक ओरडले. निवेदकांनी माइक बंद केला आणि गार सॉसेज खायला घेतलं. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? “हे राजकारण नाही,” ते म्हणाले. “हे माझे वडील आहेत.” यावर वाद घालायला माझ्याकडे बरंच काही होतं. मी घातला नाही, याचा मला अजून राग येतो.

सामन्यानंतर दादा घामेजलेला टेबलाशी आला.

“दाखव, माझा हिट.”

मी कागद बघितला. त्या जागेवर काहीच नव्हतं.

“अगं, अख्ख्या मैदानाने बघितला. तू कुठे होतीस?”

“ऐकत होते.”

“ऐकत होते म्हणे. दिवसभरातला एकच हिट माझा. काय लिहिणार आहेस आता?”

“दादा, बघितलं नाही ते लिहिता येत नाही.”

“म्हणजे?”

“तीन प्रयत्न, हिट शून्य,” निवेदक माझ्या कागदावरच्या रिकाम्या जागेकडे बघून, तोंड पुसत म्हणाले. मला मराठीतून किती बोलावं आणि त्यांना जर्मनमधून किती, हे दादाला कळेना, म्हणून तो पाठीवरची पट्टी ओरबाडायला लागला. ती निघत नव्हती. मला म्हणाला, “ओढ की आता, तूच लावायला लावलीस ना?”